काचेवरून उतरवलेलं पाऊल

कालव्यावरचा तिसरा पूल मागे पडला, तेव्हा वन्संनी पुन्हा विचारलं, "करंगळीला टोचतंय का गं?"

"नाही हो वन्सं. पण दर शंभर पावलांनी विचारलंत तर कानाला टोचायला लागेल," वहिनी म्हणाली.

वहिनीचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड. तिला बूट लागे तो खास बनवलेलाच, आणि लग्नानंतर तो वन्संच्या कारखान्यात बनत आला. वन्सं, म्हणजे तिची थोरली नणंद, अशा पायांचे बूट करणाऱ्या त्या कारखान्यात तीस वर्षं मापांचं काम बघत होत्या. आज दोघी घरापासून कारखान्यापर्यंत पायी निघाल्या होत्या, चांगली दोन तासांची वाट. वहिनीचा पाय सुखरूप पोचला तर तीनशे माणसांची मापं वाचणार होती. नाहीतर ती कायमची गेली असं समजायचं, असं मालकांनी बजावलं होतं.

झालं होतं असं. मापांचा प्रोग्राम ज्यात चाले तो जुनापुराणा कॉम्प्युटर तीन आठवड्यांपूर्वी बंद पडला तो पडलाच. नव्या कॉम्प्युटरला त्या प्रोग्रामची भाषाच कळेना. मालक म्हणाले, "बोलवा सगळ्यांना. नव्याने मापं घेऊ."

"मापं दोन महिन्यांत मिळतील," वन्सं म्हणाल्या. "पण कुणाची टाच कधी किती उचलली, कुठला उपाय फसला, कुठे जखम झाली, तेही त्याच फाइल्समध्ये आहे. त्या चुका पुन्हा त्यांच्याच पायांवर करायच्या का?"

फाइल्स मात्र शाबूत होत्या. वन्सं दर वर्षी आपल्या वाढदिवशी त्या नव्या डिस्कवर उतरवून ठेवत. घरचे शुभेच्छा द्यायला गेले की म्हणत, "थांबा जरा, अजून चाळीस टक्के व्हायचंय." पण फाइल्स असून उपयोग काय, त्या उघडणारं कुणी नको?

मग त्यांनी कुठून कुठून वाचून एम्युलेटर शोधला.

"म्हणजे काय हो?" वहिनीने तेव्हा विचारलं होतं.

"नव्या कॉम्प्युटरने जुन्याचं सोंग घ्यायचं."

"नाटकात राजा होतात तसं?"

"तसंच. फक्त आतल्या प्रोग्रामला वाटतं, राजा खराच आहे."

प्रोग्राम उघडला तेव्हा वन्सं अशा ओरडल्या म्हणे, की कारागिराच्या हातातली हातोडी खाली पडली. पण खरी गंमत पुढेच होती. त्या कारखान्याची रीतच जगावेगळी. प्रोग्राम पडद्यावर पाऊल आडवं आणि अगदी खऱ्या मापाचं काढी. कारागीर पडद्याच्या काचेवर पातळ कागद धरून पेन्सिलीने ते उतरवून घेई आणि त्यावरून तळ कापी. नव्या पडद्यावर पाऊल भलतंच मोठं दिसायला लागलं. वन्संनी पट्टी लावून, लांबी बरोबर जुळेपर्यंत पडद्यावरची प्रोग्रामची खिडकी लहान केली आणि खुशीत कागद कारागिराला दिला. पहिला बूट वहिनीचाच. पाय आत जाताना तिला देव आठवला. मालकांनी तळ हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "बाई, हे पाऊल आहे की काकडी?"

वन्सं दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मग लक्षात आलं की आकडे बरोबर आहेत, चित्र तेवढं दबलंय. जुना पडदा ते चित्र उभ्यात ताणून दाखवी. नव्याला ते ठाऊक नव्हतं, म्हणून आडव्या पावलाच्या रुंदीचा सहावा हिस्सा गायब. लांबीला पट्टी लावली, रुंदीला लावायचं राहून गेलं. "तीस वर्षं लोकांना सांगत आले, दोन्हीकडून मोजा म्हणून!" असं म्हणत त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग स्वतःच हसत सुटल्या. एम्युलेटरमध्ये ते ताणणं सुरू केलं, दोन्ही बाजूंनी पट्टी लावली आणि दुसरा बूट केला. तोच आज वहिनीच्या पायात होता.

शेवटचा चढ वहिनी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चढली. दारात मालक स्टूल घेऊन उभेच होते. त्यांनी स्वतः वाकून बूट काढला, मोजा काढला, पाऊल उलटंपालटं करून पाहिलं. कुठे लाली नाही, फोड नाही.

"हरलो," मालक हसले. "राहू दे तुमचं सोंग. तीनशेच्या तीनशे राहू देत." आत जाता जाता वळून म्हणाले, "पण बाई, दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त होणार. मग हे सोंग उभं कोण करणार?"

वन्संनी स्टुलाजवळचा बूट उचलून घेतला. त्या वहिनीशेजारी पायरीवर टेकल्या.

"वहिनी, तू कॉम्प्युटरला हात लावत नाहीस ना?"

"देवाशप्पथ नाही. मला भीती वाटते त्याची."

"म्हणून तूच हवीस. तुला कळलं ते मग कुणालाही कळेल. उद्यापासून माझ्याशेजारी बस. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, पट्टी कुठे लावायची, सगळं तुझ्या साध्या मराठीत लिहून काढ. आणि जिथे कळणार नाही तिथे मला पुढे जाऊ देऊ नकोस. करशील एवढं?"