डाकेच्या पानावरची लिफ्ट

शेजारच्या पोरीला 'भोंगा' हे नाव मी ठेवलं, आणि ते किती बरोबर होतं हे अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. पाळण्यात ती रडायला लागली की खालच्या मजल्यावरचे लोक कामाची वेळ झाली समजून आंघोळीला पळायचे. मोठी झाल्यावर तोच आवाज बातम्या सांगण्यात खर्ची पडायला लागला. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं जिन्यातच जाहीर. ती वर्तमानपत्रात शिकाऊ बातमीदार म्हणून लागली तेव्हा मी तिच्या आईला म्हटलं, "वहिनी, आता माझं कसं व्हायचं? एका जिन्यात दोन पेपर चालायचे नाहीत."

"तुमचा खप जास्त आहे, काळजी करू नका," वहिनी म्हणाल्या. त्या कमी बोलतात, पण बोलल्या की बोलतात.

भोंग्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, दूरच्या एका गावातल्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला गेले ते तिकडचेच झाले. आधी दर आठवड्याला यायचे. मग महिन्याने. मग नुसता फोन यायचा, आणि पुढे तोही आटला. का, ते वहिनींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हो, मी! गल्लीत दोन-तीन कारणं फिरत होती, त्यातलं एकही मी काढलेलं नव्हतं. फिरवायला मदत केली असेल, ते वेगळं.

भाऊजींचं पेपर वाचणं ऐकण्यासारखं असायचं. आधी बातमीदाराचं नाव मोठ्याने वाचायचे, मग बातमी, आणि शेवटी निकाल. "हा गडी जागेवर गेलेलाच नाही, खुर्चीत बसून लिहिलंय." किंवा, "ही बाई मात्र पायपीट करून आलेली दिसते." भोंगा शेजारी बसून ऐकायची. पोरगी त्याच पेपरात का गेली, हे आता वेगळं सांगायला नको. त्या गावातही ते हाच पेपर घेत असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आपलं नाव एकदा छापून यावं, ते त्यांनी मोठ्याने वाचावं आणि निकाल द्यावा. बस. फोन करून विचारायची तिची छाती नव्हती. नाव छापून पाठवायची होती. हे तिने मला सांगितलं, आईला नाही. माझ्या पोटात काही राहत नाही म्हणतात, पण हे राहिलं.

नाव लागणं काही सोपं नव्हतं. शिकाऊ मंडळींच्या बातमीवर नुसतं 'प्रतिनिधी' लिहितात. तिचं काम म्हणजे अग्निशमन दल, रुग्णालयं, पोलीस ठाणी यांना फोन लावून विचारायचं, "काही विशेष?" तिकडून उत्तर यायचं, "नाही." की पुढचा फोन. सवय इतकी जडली की घरी येताना माझ्या दारात थांबून विचारायची, "काकू, काही विशेष?" आमच्याकडे असायचं.

एकदा तिने एका मोठ्या रुग्णालयात फोन लावला. तिथला शिपाई "काही विशेष नाही" म्हणाला आणि फोन ठेवता ठेवता कोणावर तरी ओरडला, "खुर्ची सरळ धरा, आजोबा पडतील!" भोंगा तशीच उठून तिकडे गेली. लिफ्ट कित्येक महिने बंद होती आणि नातेवाईक आपापल्या पेशंटला खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावर नेत होते. तिने एका म्हाताऱ्याच्या खुर्चीचा एक पाय स्वतः धरला, वरपर्यंत गेली, आणि तसंच्या तसं लिहून काढलं.

तिच्या कार्यालयात मुख्य उपसंपादक म्हणून एक तिरसट गृहस्थ आहेत. कोणी चांगलं लिहिलं की त्यांना ॲसिडिटी होते, असं ती सांगते. त्यांनी बातमी दोनदा वाचली. "रविवारी लावू. शहर आवृत्ती, पहिलं पान. तुझं नाव घालून."

"आणि डाकेत, सर?"

डाक म्हणजे लांबच्या गावांना जाणारी आवृत्ती. तिचे गठ्ठे संध्याकाळच्या बसने निघतात, म्हणून ती आधी छापतात. शहराची आवृत्ती मागाहून निघते. भाऊजींच्या गावात जाते ती डाकच.

"डाकेत? तिकडच्या लोकांना आपल्या लिफ्टचं काय? आणि डाकेत टाकलं की समोरच्या पेपरचा माणूस बस स्टँडवर अंक उचलतो. सकाळी आपली बातमी त्यांच्या पानावर. खास बातमी डाकेत जात नाही. लिहून घे."

तिने लिहून घेतलं असेलही. पण शनिवारी दुपारी डाकेच्या पानावरची एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. पान लावणारा ओरडला, "अरे, भोक पडलंय, काहीतरी द्या पटकन!" मुख्य उपसंपादक संपादकांच्या खोलीत बैठकीला होते. भोंग्याने लिफ्ट दिली. नावासकट. पान छपाईला सुटलं.

त्या संध्याकाळी तिने जिन्यात मला अंक दाखवला. शाई अजून बोटांना लागत होती. मी चष्मा चढवला आणि भाऊजींच्या थाटात तिचं नाव वाचायला तोंड उघडलं.

"काकू, तुम्ही नका ना वाचू मोठ्याने," ती म्हणाली.

मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्याबरोबर तोंड मिटलं.

सकाळी समोरच्या पेपरात लिफ्ट झळकली, वर फोटो. मुख्य उपसंपादकांनी तिला सगळ्यांसमोर झाडलं. "एक कारण सांग. एक!"

"माझे वडील तिकडे असतात, सर."

त्यांनी म्हणे टेबलावरचा पेनस्टँड या बाजूचा त्या बाजूला ठेवला. मग शिक्षा दिली: शहराचं काम बंद, शिकाऊपणाची मुदत संपेपर्यंत डाकेचं पान, आणि नाव अजिबात लागणार नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. फोन वाजला की भोंगा असेल तिथून धावायची, आणि निघायचा तो गॅसवाल्याचा. वहिनी विचारायच्या, "कोणाचा येणार आहे गं?" "कोणाचा नाही." दोघी एकमेकींकडे न बघता कामाला लागायच्या. मी मधे काहीतरी वात्रट बोलून बघायची, कोणी हसायचं नाही. कोणी हसलं नाही की मला जेवण जात नाही.

एके दिवशी मुख्य उपसंपादकांनी तिला हाक मारली. "अगं, त्या गावाहून फोन होता कोणाचा. विचारत होता, ती लिफ्ट सुरू झाली का? मी म्हटलं, नाही अजून. तर म्हणाला, 'बाईने पायऱ्या चढून लिहिलंय,' आणि ठेवला. नाव नाही, गाव सांगितलं तेवढंच."

"आवाज कसा होता, सर?"

"आवाज कसा असतो? फोनसारखा!"

एरवी सगळा जिना डोक्यावर घेणारी ही पोर त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन हे कानात बोलली. मग दर आठवड्याला ती रुग्णालयात जायला लागली. डाकेच्या पानाच्या तळाशी, बिननावाची, एक ओळ यायची: 'लिफ्ट अद्याप बंदच.' मुख्य उपसंपादकांना ती दिसत नसेल असं कसं होईल? पण त्यांनी कधी काढली नाही.

परवा लिफ्ट सुरू झाली. भोंगा घरी आली ती पडेल चेहऱ्याने. वहिनी म्हणाल्या, "अगं, बरं झालं ना! माणसांचे हाल तरी संपले."

"हो ना, आई. बरंच झालं."

"मग छापलंस?"

"उद्या पोचेल तिकडे."

'तिकडे' म्हणजे कुठे, हे वहिनींनी विचारलं नाही. हातातलं काम तसंच ठेवून त्या पोरीजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "त्या रुग्णालयात दुसरं काही बंद नाही का गं?"