मोरचुदाच्या पाण्यातला माझा थेंब

पन्नासच्या दशकात चांदा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात मी एका आरोग्य पथकात रक्त तपासत असे. पद्धत सोपी होती. मोजून केलेल्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बोटाच्या रक्ताचा थेंब सोडायचा. बुडला तर अंगात रक्त पुरेसं, तरंगला तर कमी. पोटुशी बाई असली आणि थेंब तरंगला, तर तिला आमच्या जीपमधून चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं.

पाणी कधीही बिघडू शकतं. म्हणून रोज सकाळी आधी पथकातल्या तिघा धडधाकट माणसांचे थेंब सोडून पाहायचे, असा डॉक्टरांचा नियम होता. महिनाभरात ड्रायव्हर सुई दिसताच गाडीखाली शिरू लागला आणि शिपायाला रोज कसला ना कसला उपास निघू लागला. उरलो मी. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणून मी माझा एकच थेंब सोडायचो आणि वहीत तिघांच्या नावापुढे खुणा करायचो.

वैशाखात नागभीडच्या बाजूला एका गावी माझा थेंब तरंगला. उन्हानं पाणी उडून मोरचूद घट्ट झालं, हे मी लगेच ताडलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होत थोडं थोडं शुद्ध पाणी घालत गेलो आणि माझा थेंब तळाला गेल्यावर थांबलो. त्या दिवशी गावातल्या सगळ्या बायकांचे थेंब बुडाले.

त्यातली एक आठव्या महिन्यातली होती. ओठ पांढरे पडलेले. माझ्या टेबलापर्यंत येताना ती दोनदा खाली बसली. सोबत सासू होती.

"बुडला का जी, भाऊ?"

"बुडला. रक्त चांगलं आहे."

"मंग हे अशी बसून काऊन राह्यली?"

"उन्हामुळे," मी म्हणालो.

तिला नुसतं पाहून जीपमध्ये बसवलं असतं तरी मला कुणी अडवलं नसतं. पण बाटलीपुढे मी माझेच डोळे खोटे ठरवले. याचा आजही मला संताप येतो.

पंधरा दिवसांनी डॉक्टर पथकाच्या पाहणीला आले. माझ्याकडे पाहताच त्यांनी माझी खालची पापणी ओढली आणि थंडीताप कधीपासून येतो ते विचारलं. गेल्या पावसाळ्यापासून, मी म्हणालो. त्या भागात ज्याला ताप येत नाही तोच परका, म्हणून मी कधी बोललो नव्हतो. त्यांनी सोबत आणलेल्या ताज्या पाण्यात माझा थेंब सोडला. तो वर आला. पहिलं पाणी बिघडलंच नव्हतं. तापानं रक्त माझं कमी झालं होतं, आणि त्याच्या मापानं मी पाणी पातळ करत गेलो होतो.

डॉक्टर रागावले नाहीत. "जीप घे, नवी बाटली घे आणि आत्ता नीघ," एवढंच म्हणाले.

आधी तिच्याच घरी गेलो. सासू ओसरीवर बसली होती, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं लेकरू. सून कुठे आहे, मी विचारलं.

"बाळंतपणात गेली, भाऊ. दाई म्हणे, दवाखान्यात न्या. मीच म्हटलं, नाई. रगत चांगला हाये, त्या भाऊनं पाह्यलं."

तिथेच खाली बसून सांगितलं की पाणी चुकीचं होतं आणि चूक माझी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आता बदलवलं ना पाणी?"

"हो, बाई."

तिनं लेकराची मूठ उकलली आणि त्याचं एक बोट माझ्यापुढे धरलं.

"मंग याचा पाहा जी."