मोरीजवळची मोकळी जागा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. वकील माणूस मी... समोरच्याने शपथ घेतली तरी पुरावा मागतो. घरी बायको म्हणते, तुम्ही देवालासुद्धा साक्षीदार आणायला सांगाल. तरीही आष्टीहून नगरकडे जाणाऱ्या सडकेवर, मोरीपाशी, भर दुपारी जे पाहिलं ते लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बिरू नावाचा धनगर त्या मोरीजवळ एका जहागीरदाराच्या मोटारीखाली मेला. त्याची बायको ठकूबाई कोकरं घेऊन बरीच मागे होती, तिने प्रत्यक्ष काही पाहिलं नाही, हॉर्नही ऐकला नाही. ड्रायव्हर गणपत म्हणाला, धनगर धावत सडकेच्या मधोमध आला. हे खरं ठरलं असतं तर कसूर बिरूचा, भरपाईचा प्रश्नच नाही. वर मोटारीच्या नुकसानीपोटी ठकूबाईची मेंढरं जप्त. जहागीरदारांनी तसा उलटा दावाच ठोकला होता. नवरा हिचा गेला आणि नुकसान म्हणे मोटारीचं... मला आजही याचा संताप येतो.

ठकूबाईचा वकील म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बिरू सडकेलगतच्या, जरा खालच्या पायवाटेवर होता आणि ती वाट पायी चालणाऱ्याची. पण साक्षीदार कुठून आणू?

खटला चालवणारे न्यायाधीश, मुन्सफसाहेब, हैदराबादचे. ते जागा पाहायला स्वतः निघाले. तोवर मध्ये एक पावसाळा जाऊन सगळं धुऊन निघालं होतं. त्यांनी ठकूबाईला मेंढरं त्या दिवशीसारखीच हाकायला सांगितली. कळप पायवाटेने आला आणि मोरीजवळ दुभंगला. अरुंद जागी धनगर वाटेत उभा राहतो आणि मेंढरं त्याच्या दोन्ही अंगांनी पुढे जाऊ देतो — तसाच. मध्ये माणूसभर जागा मोकळी सोडून कळप पुढे पुन्हा एक झाला.

मी जाऊन त्या जागेवर उभा राहिलो. दगड नाही, काटा नाही. "जनावराला वास येतो हो," जहागीरदारांचे वकील म्हणाले, पण रुमालाने सारखी मान पुसत होते.

मग मोटारीची पाळी आली. "उस दिन जैसी चलाए, वैसीच चलाओ," मुन्सफ म्हणाले. सडकेवर अपघाताच्या आधीपासूनच टोकदार खडी होती, टायर फाटायचे. म्हणून इकडचे ड्रायव्हर डावी चाकं खाली मऊ पायवाटेवर उतरवून मोटार हाकायचे. सवयीने गणपतनेही तेच केलं. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. आमची बाजू तिथेच सिद्ध झाली, पण मला आनंद व्हायला सवडच मिळाली नाही. मोरीजवळ येताच त्याने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग करकचून ब्रेक दाबला.

"किसको हॉर्न दिया?" मुन्सफांनी विचारलं.

"म्होरं माणूस हाय न्हवं, साहेब. हटत न्हाई," गणपत म्हणाला. मग त्याने समोर नीट पाहिलं, आणि इंजिन तसंच चालू टाकून तो खाली उतरला.

निकालात मुन्सफांनी फक्त चाकांचं लिहिलं — मोटार पायवाटेवर उतरली होती, कसूर मोटारवाल्याचा. मेंढरं दुभंगली, हॉर्न वाजला, हे दफ्तरी कुठेच नाही. ठकूबाईचा कळप वाचला. मेंढरांचं मी एक वेळ सवय म्हणून सोडून देईन... पण गणपतचं काय? त्याचं मन त्याला खात होतं म्हणा. मीही स्वतःला तेच सांगतो, आणि पुन्हा अंगणात येरझारा घालायला लागतो.

निकाल ऐकून कचेरीबाहेर आल्यावर मी ठकूबाईला म्हणालो, "बाई, जिंकलो आपण."

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "मुन्सफसाहेब आलं त्या दिशी तितं म्होरं कुनीबी नव्हतं, तरी त्यानं दोनदा भोंगा वाजवला. माजा मालक जित्ता हुबा हुता, तवा कावून न्हाई वाजवला?"