सुमंगलेची सोडवण

यंदाच्या चवथीत, म्हणजे गणपतीत, सुमंगला फुगडीला उभी राहणार नव्हती. गुडघे केव्हाच संपावर गेले होते, पण खरं सांगायचं तर गुडघ्यांआधी तिचं मन दमलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मुळगावात तिच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सार्वजनिक बाग झाली. बाकं आली, घसरगुंडी आली, दिवे आले. सावली तेवढी कोणाच्या ध्यानात आली नाही. दुपारी बाकावर टेकणारा भाजूनच उठायचा. मग अंगणवाडीत जन्म घालवलेल्या या बाईनं कंबर कसली. चवथीच्या सातव्या दिवशी बायकांनी बागेत उघड्यावर फुगड्या घालायच्या, बघणाऱ्यांनी ताटात काहीतरी टाकायचं आणि त्यातून झाडं आणायची. हौस दांडगी! पण इथं कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे नारळ धरून देवाला सांगितल्याशिवाय, सुरू होत नाही. गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान गावकराचा, म्हणून तिनं गावकर जयरामकाकांना बोलावलं, काय बोलायचं तेही तिनंच सांगितलं. नारळ हातात धरून काका म्हणाले, "बा म्हाराजा, ही सुमंगला बायलांक घेवन दर वर्सा हांगा फुगडी घालतली, झाडां लावतली." सगळ्या ओरडल्या, "व्हय म्हाराजा!" आणि नारळ फुटला.

झाडं दर वर्षी लागली. लावताना फोटोला ही गर्दी! पाऊस गेला की मात्र तिकडे कुत्रंही फिरकेना. जानेवारीपासून पुढचा पाऊस पडेपर्यंत रोज सकाळी आपल्या विहिरीवरून बालद्या वाहणारी एकटी सुमंगला. एवढं करून शंभरातली सतरा जगली. जळालेलं रोप उपटताना तिला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा.

चवथीआधी ती जयरामकाकांकडे गेली. "काका, माझी सोडवण करा. आतां म्हाका जमना."

"बाये, देवाकडे उलयलेलें अशेंच सोडूंक येना. दुसऱ्या कोणाच्या तरी हातांत दिवंक जाय."

देवाला दिलेला शब्द आपल्याकडून कोण घेणार, या चिंतेनं तिला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. पण डिचोलीत बँकेत नोकरी करणारी शेजारची गौरवी आपणहून पुढे झाली. "आमी करतांव, मावशे! तूं आतां बस."

सातव्या दिवशी काकांनी पुन्हा नारळ धरला. सुमंगलेचं नाव जाऊन गौरवीचं आलं. बाकी शब्द तेच.

सुमंगला पहिल्यांदाच बाकावर बसून फुगडी बघत होती. पोरी काय गरगरत होत्या! ताट भरलं. तिचे डोळेही भरले. सुटले एकदाची, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

गौरवी घामाघूम होऊन शेजारी येऊन टेकली. सुमंगलेनं सहज विचारलं, "जानेवारीसावन उदक कोण घालतली गे?"

"उदक?" गौरवीनं पदरानं तोंड पुसलं. "तें गाऱ्हाण्यांत खंय आसलें, मावशे? नाचप आनी झाडां लावप, इतलेंच आमी घेतलां."

पोरीचं काही चुकलं नव्हतं. काकांना शब्द सुमंगलेनंच सांगितले होते, आणि नाचायच्या हौशीत पाण्याचं सुचलं होतं कुणाला? जे देवाला कधी सांगितलंच नाही, त्यातून देव तरी तिला कसा सोडवणार?

तिनं दोन्ही गुडघे चोळले. जानेवारीला अजून चार महिने होते.