दोऱ्याने मोजलेले कडुनिंब

अंबाजोगाईला उतरले तेव्हा दुपार नुसती भाजत होती. रिक्षा दवाखान्याच्या रस्त्याला वळली आणि डोळ्यांना पहिल्यांदा बरं वाटलं. एका अंगाला जुन्या कडुनिंबांची ओळ, आणि प्रत्येकाखाली माणसं. रोग्यांचे नातेवाईक तिथेच बसतात, तिथेच डबा सोडतात, तिथेच रडून घेतात.

रस्ता रुंद करण्यासाठी ही ओळ तोडायचं घाटत होतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत सुनावणी होती. झाडाचा घेर, उंची, पसारा मोजून संगणकात घालायचा आणि ते किती सावली देतं, किती धूळ अडवतं, पावसाचं किती पाणी झेलतं याचा अंदाज काढायचा, हे माझं काम. ‘झाडं चांगली असतात’ म्हटल्याने कुऱ्हाड थांबत नाही. आकडे पुढे टाकले तर निदान थबकते. म्हणूनच इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वाघमारे सरांनी मला बोलावलं होतं.

पहिल्या झाडाला फीत लावली तोच चहावाल्या कौसाबाई गाडा सोडून धावत आल्या.

“ओ ताई, फीत काढा आधी! कावून (का) मोजायलाव?”

“झाडं वाचवायला.”

“लाकूडवाला बी असंच म्हणलता. आमच्या माहेरच्या रस्त्याला फीत लागली, आन् आठवड्यात झाडं न्हाईत.”

भोवती माणसं जमली. फीत लागलेलं झाड म्हणजे विकलेलं झाड, हा इथला अनुभव. सोबत आलेले सर म्हणाले, राहू द्या. पण मी जात्याच हट्टी. कौसाबाईंच्या बाकड्यावर बसून लॅपटॉप उघडला आणि त्यांना दाखवलं: घेराचा रकाना रिकामा राहिला की पुढचं सगळं शून्य.

त्यांनी त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. “फीत न्हाई लावू देणार. दोरा लावा. वटपुनवेला आमी वडाला सूत गुंडाळतो ते आयुष्य मागायला. दोरा लावून कुणी झाड तोडलं न्हाई.”

दोऱ्याने मोजता येतं की! छातीच्या उंचीवर एक फेरा घ्यायचा, कापायचा, मग बाकड्यावर ठेवून मोजायचा. समोरच्या दुकानातून पक्क्या सुताचं बंडल आलं.

वाघमारे सर हसले. “आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात कुणी झाडाला दोरा गुंडाळला नाही. आज गुंडाळतो.”

“एकच फेरा हां सर,” कौसाबाई म्हणाल्या, “सात मारले तर ताईंचा हिशोब चुकंल.”

सगळे हसले, आणि कामाला लागले. नातेवाईक फांद्यांच्या टोकांखाली जाऊन उभे राहिले, तसा मी पसारा मोजला. संध्याकाळी ओळ संपली, तेव्हा कौसाबाईंनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याची पूड) घातलेली आमटी वाढली. तिखटाने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी पुन्हा मागून घेतली.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, “एकाच्या बदल्यात दोन रोपं लावली तर?”

तोही हिशोब मी करून नेला होता. आलेखात रोपांच्या सावलीची रेघ कित्येक वर्षं तळाशीच सरपटत होती.

कौसाबाई मागून उठल्या. “तवर पेशंटची माणसं कुठं बसवू, सायेब?”

साहेबांनी कागद जवळ ओढला. रस्ता दुसऱ्या अंगाने वाढवता येईल का, हे बघेपर्यंत तोड थांबवली. झाडं वाचली असं मी म्हणणार नाही.

“थांबली न्हवं? मंग लई झालं,” कौसाबाई म्हणाल्या. मला मात्र ते पुरेसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

परतीची एसटी सिरसाळ्याला थांबली. थांब्याजवळ एकही झाड नव्हतं. दुसऱ्या गाडीची वाट बघणारी माणसं आमच्या एसटीच्या सावलीत येऊन उभी राहिली. एका बाईने तान्ह्या पोराला पदराखाली घेतलं होतं. कंडक्टरने घंटी मारली. गाडी निघाली तशी सावलीही निघाली, आणि ती सगळी उन्हात राहिली.

घरी पोचताच सरांना फोन केला. म्हटलं, पावसाळ्याआधी सिरसाळ्याच्या थांब्यावर खड्डे खणायला मी येतेय. तिथे मोजायला काहीच नाही, म्हणून आधी लावू.