निम्म्या भाड्याचं घर

सोफे शिवणाऱ्या मास्तरांना मेहुण्याने शेजारच्या राज्यात घर बघायला बोलावलं. "दाजी, भाडं तुमच्या निम्मं, भाजीपालाही स्वस्त. तिकडे कशाला रक्त आटवता?"

घर खरंच ऐसपैस होतं. मास्तरांची बायको तर पडद्यांचा रंग ठरवून मोकळी झाली. त्यांची मुलगी चाकाच्या खुर्चीवर फिरायची. तिने विचारलं, "मामा, इथे बस कुठे मिळते?"

"बस कशाला? मी गाडीने सोडेन की!"

खुर्ची चढवता येईल अशी बस तिथे नव्हतीच. मास्तरांच्या राज्यात बस मुलीच्या खुर्चीसाठी उतरती फळी सोडायची. ती एकटी कॉलेजला जायची, मैत्रिणींबरोबर भटकायची आणि उशीर झाला म्हणून बोलणी खायची.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिनेही मान हलवली.

"राग मानू नकोस," मास्तर मेहुण्याला म्हणाले, "महाग पडलं तरी आम्ही तिथेच बरे. पोरीला कुणाच्या सवडीने जगायला लावणार नाही."

परतल्यावर घरभाडं भागवायला त्यांनी आपलं अर्धं दुकान एका घड्याळजीला भाड्याने दिलं. सोफे फुटपाथवर आले, पण मास्तर कधी कुरकुरले नाहीत. मुलगी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी करते आणि दोन बस बदलून एकटी जाते.