चौथी रांग, सातवी जागा

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघेदुखी जोपासतात. आमच्या गल्लीतल्या सिस्टरबाईंनी दफनभूमी धरली. चौतीस वर्षं इस्पितळातला वॉर्ड सांभाळलेल्या या बाई रोज सकाळी वही, चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन निघत. दफनभूमीच्या जुन्या भागातल्या गरिबांच्या थडग्यांवर अक्षर नव्हतं, नुसते हातभर दगड. कार्यालयातल्या जीर्ण नोंदवहीत मात्र नाव, आजार, रांग आणि जागा लिहिलेली होती. बाई रांगा मोजून नाव दगडाला लावत, आणि मग त्या माणसाचं कुणी उरलंय का ते शोधत. सोबत राहणारी धाकटी बहीण म्हणे, सख्ख्या नणंदेला फोन करायला हिला वेळ नाही, आणि मेलेल्यांची विचारपूस घरोघर.

दोन वर्षांत बारा घरं सापडली. त्यातल्या एका आजींची आई त्या दोन वर्षांच्या असताना तापाने गेली होती. कुठे पुरली, ते बापाने कधी सांगितलं नाही. बाईंनी जागा दाखवली: चौथी रांग, डावीकडून सातवी. तेव्हापासून वर्षभर, दर गुरुवारी, त्र्याऐंशी वर्षांच्या आजी घडीची खुर्ची घेऊन येत, दगड ओल्या फडक्याने पुसत आणि तासभर बोलत बसत. आता त्यांनी आईचं नाव कोरून घेतलं होतं. येत्या गुरुवारी अकरा वाजता तो नवा दगड बसायचा होता.

सोमवारी पाइपसाठी खणताना मागच्या भिंतीचा गिलावा कोसळला आणि विटांनी बुजवलेली कमान दिसली. राखणदार सहज म्हणाला, पूर्वी येणंजाणं इथूनच होतं, आजोबा सांगायचे. बाई तडक पुढच्या फाटकाशी गेल्या. फाटकावरच्या लोखंडी पट्टीत ते उभारल्याचं साल ओतलेलं होतं. रोज त्याखालून जाऊन कधी मान वर केली नव्हती. नोंदवहीचं पहिलं पान त्याच्या एकेचाळीस वर्षं आधीचं. म्हणजे रांगा मागच्या कमानीकडून मोजायच्या होत्या, आणि डावं होतं ते उजवं. बाराच्या बारा जागा चुकल्या होत्या.

मंगळवारी त्यांनी तीनदा मोजलं, बुधवारी दोनदा. आजींची आई नळाच्या शेजारी निघाली. आजी ज्याच्याशी बोलत होत्या, तो नोंदवहीत एवढाच होता: पुरुष, नदीत सापडला, नाव कळलं नाही.

भाजीत दोनदा मीठ पडलं, तेव्हा धाकटीने त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं.

"वय बघ त्यांचं," ती म्हणाली. "बसू दे दगड. खाली कोण आहे ते कुणाला दिसणार आहे?"

बाईंना हे पटत होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती. वाईट बातम्या त्यांनी आयुष्यभर दिल्या होत्या, पण स्वतःच्या चुकीची एकही नाही. शिवाय त्या बेवारस माणसावर परक्या बाईचं नाव चढलं की तो कायमचाच बुडणार.

गुरुवारी गवंड्याने सिमेंट कालवून ठेवलं होतं. बाईंनी उभ्या उभ्या, एका दमात सांगितलं. आजींचा मुलगा काहीतरी बोलायला गेला. आजींनी त्याला हातानेच गप्प केलं.

"मग हा कोण?"

बाईंनी तेही सांगितलं.

आजींनी काठीचं टोक त्या दगडाला लावलं. "बापाच्या सगळ्या कागाळ्या मी याला ऐकवल्या," त्या म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. "या वेळी नक्की?"

बाईंनी मान डोलावली.

"तुमचा भरवसा नाही. मीच मोजते."

सगळे मागच्या भिंतीशी गेले. भिंतीला लागून एक तोकडी रांग गवतात पार बुडाली होती. ती धरली नाही तर पुढचं सगळं पुन्हा चुकणार. बाईंच्या ते जिभेवर आलं होतं, पण त्या ओठ घट्ट मिटून राहिल्या. आजींनी पाऊल टाकलं, थांबल्या आणि काठी गवतात खुपसली. टोक दगडावर आपटलं.

"एक," त्या म्हणाल्या.

नळाशी त्या थांबल्या. मुलाने गवंड्याला हाक मारली. बाई जवळच्या कठड्यावर टेकल्या.

"बाकीच्यांना सांगितलंत?" आजींनी मागे न बघता विचारलं.

"अजून नाही. अकरा घरं आहेत."

"मग बसलात काय?"